कार्बनचा पाय मुरगळला

मी आजवर दोनदा कार्बन झाले आहे, आणि दोन्ही वेळा मला ओढणारी माणसं घरचीच होती.

हे असं एकदम सांगितलं की लोक माझ्याकडे काळजीने बघतात, म्हणून पहिल्यापासून सांगते. आम्ही माळव्यातल्या धारचे. आमचे पूर्वज कधीकाळी इथल्या दरबारात कारकुनी करायला आले आणि परत जायचं विसरले. घरात मी, माझे यजमान, मुलगा निखिल, सून पूर्वा आणि नात चिऊ. यजमान बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. स्वभाव इतका सौम्य की दारात कुत्रं आडवं झोपलं असेल तर हे त्याला न उठवता मागच्या दाराने बाहेर पडतात. घरातलं काळजी करण्याचं खातं माझ्याकडे आहे. दुसरं कोणी ते घ्यायला तयार नसल्यामुळे मी ते मनापासून सांभाळते.

पूर्वाचं माहेर खातेगांवचं. केमिस्ट्रीत एमएस्सी, वर बीएड, आणि हुशार अशी की सिलिंडर कधी संपणार हे ती ज्योत बघून सांगते. पण एक अडचण. लोकांपुढे उभी राहिली की तिला सगळं ठरल्याप्रमाणे लागतं. मधेच कोणी भलतंच विचारलं, खडू तुटला, पंखा बंद पडला, की ती गप्प होते. म्हणजे अगदी गप्प! याच कारणाने दोन शाळांच्या डेमो लेसनमध्ये तिची नोकरी हुकली होती. (डेमो लेसन म्हणजे नोकरीच्या आधी वर्गात शिकवून दाखवणं. मुलगी दाखवण्यासारखंच, फक्त पोह्यांच्या ऐवजी हातात खडू.)

तशात गंधवानीच्या एका शाळेने तिला घ्यायची तयारी दाखवली. नोकरी पक्की, पण रोजचं अप-डाउन जमण्यासारखं नाही. तिथेच खोली घेऊन राहायचं, चिऊलाही न्यायचं. त्यांना होकार कळवायची वेळ आली आणि नेमकी धारच्याच एका शाळेत जागा निघाली. इथे जमलं तर पूर्वा घरात. नाही जमलं तर पुढच्या सोमवारी ती आणि चिऊ गंधवानीत.

मी तोंडाने म्हणत होते, "जिथे मिळेल तिथे जा बाई, नोकरी महत्त्वाची." आत माझा जीव टांगणीला लागला होता. निखिल सकाळी पीथमपूरच्या कारखान्यात जातो तो अंधार पडल्यावरच उगवतो. म्हणजे दिवसभर घरात मी आणि हे. आणि हे तर मला हाकसुद्धा मारत नाहीत, मला उठावं लागेल म्हणून. मला पूर्वा घरात हवी होती. तिच्याशिवाय त्या घरात मला करमलं नसतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं, कारण सुनेला असलं काही तोंडावर सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.

डेमोसाठी तिला विषय मिळाला: रेणू ध्रुवीय आहे की अध्रुवीय, हे कसं ओळखायचं. (शाळा हिंदी माध्यमाची. हिंदीत रेणूला अणु म्हणतात आणि अणूला परमाणु. पूर्वा दोन्ही भाषा सांभाळते. मी दोन्हींत सारखीच अडाणी.) नुसतं फळ्यावर शिकवलं तर मुलं झोपतील, म्हणून तिने एक युक्ती काढली होती. वर्गातली तीन मुलं पुढे बोलवायची. मधला कार्बन, दोन्ही बाजूंचे दोघं ऑक्सिजन. कार्बनच्या कमरेला दोन ओढण्या बांधायच्या आणि दोन ऑक्सिजननी अगदी समोरासमोर उभं राहून त्या ओढायच्या. दोघांची ताकद सारखी, दिशा उलट, म्हणून ओढ कटते आणि कार्बन जागचा हलत नाही. हा कार्बन डायऑक्साइड, अध्रुवीय. मग तीच माणसं नावं बदलून कोनात उभी करायची, की ओढ कटत नाही, उरते. ते पाणी, ध्रुवीय. मला इतकं समजलं, तेव्हा मुलांना नक्कीच समजलं असतं.

डेमोच्या आदल्या दिवशी तिने घरीच तालीम घ्यायची ठरवली. त्याच दुपारी तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही भाऊसाहेब, लेकीला आशीर्वाद द्यायला खातेगांवहून आले. येताना गव्हाचं एक पोतं खांद्यावर घेऊन आले. धान्याचा व्यापार आहे त्यांचा. पोतं उचलणं म्हणजे आपण उशी उचलतो तसं.

भाऊसाहेबांबद्दल एक सांगायला हवं. मानपान या बाबतीत असा माणूस आता माळव्यात उरला नसेल. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी रीत. नातवंड झालं की ती सुटते. चिऊ आता शाळेत जायला लागली तरी भाऊसाहेब घरून बाटली भरून आणतात! का, तर सवय. मी बसल्याशिवाय ते बसत नाहीत. आणि ते बसल्याशिवाय आमचे हे बसत नाहीत, पाहुणे म्हणून. मला एकदा दारात भाजीवाल्याने अडवलं, तर हे दोघं बैठकीत एकमेकांकडे बघत ताटकळत उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

अशा दोन माणसांना पूर्वाने ऑक्सिजन केलं. निखिल कामावर होता, दुसरं होतंच कोण? आणि मधे मला उभं केलं.

"आई, तुम्हाला काहीच करायचं नाहीये. फक्त हलायचं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला असं काम दिलं होतं. मी खुशीत कमरेला ओढण्या बांधून घेतल्या.

"ओढा," पूर्वा म्हणाली.

कोणी ओढलं नाही. दोन्ही ओढण्या जमिनीला टेकल्या. भाऊसाहेब मान खाली घालून उभे. पूर्वाने विचारलं तेव्हा म्हणाले, "बेटा, मुलीकडचा माणूस मी. विहीणबाईंना मी कसा ओढू? शोभतं का?" यांना विचारलं तर हे म्हणाले, पाहुण्यांनी सुरू केल्याशिवाय आपण कसं सुरू करायचं? केमिस्ट्रीच्या इतिहासात इतका अदबशीर कार्बन डायऑक्साइड झाला नसेल.

पूर्वाने पुन्हा समजावलं. दोघांनीही ओढायचं, सारखंच ओढायचं. दुसऱ्या खेपेला भाऊसाहेबांनी ओढणी दोन बोटांत अशी धरली, जशी देवापुढची फुलवात. यांनी जरा ओढलं आणि मी यांच्याकडे सरकले. "बघा, हा ध्रुवीय झाला," पूर्वा म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला होता. उद्या डेमो, आणि आमच्या घरात एक साधा रेणू जमत नाही!

मग मीच पुढाकार घेतला. (नसता घेतला तर बरं झालं असतं, पण काळजीचं खातं माझ्याकडे.) मी भाऊसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे, मानपान आज बाजूला ठेवा, पोतं ओढता तसं ओढा. ते मला वचन देऊन जागेवर गेले. मला ठाऊक नव्हतं की तेवढ्यात यांचं मन भरून आलं होतं. बिचारे मुलीचे वडील, लांबून आलेत, आपल्यापुढे दबून राहतात, तर या खेपेला त्यांना जिंकू द्यावं, असं यांनी आपल्या मनाशीच ठरवून टाकलं होतं.

"ओढा!"

यांनी सोडलं. भाऊसाहेबांनी पोतं ओढलं.

मी कशी गेले ते मला आठवत नाही. कुठे पोचले ते आठवतं. मी थेट भाऊसाहेबांवर, भाऊसाहेब गव्हाच्या पोत्यावर, पोत्याची शिवण उसवलेली, आणि गहू न्हाणीघरापर्यंत. चिऊ टाळ्या पिटत होती. माझा उजवा पाय माझ्या खाली कुठल्या तरी चुकीच्या दिशेने आला होता.

भाऊसाहेबांची अवस्था माझ्यापेक्षा वाईट होती. लेकीच्या सासूला पाडलं! ते तिथल्या तिथे पिशवी उचलून खातेगांवला निघाले. यांनी त्यांना दारात अडवलं, म्हणजे दाराला पाठ लावून फक्त उभे राहिले, कारण यांना अडवणं जमत नाही. शेवटी पूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा भाऊसाहेब थांबले. पण संध्याकाळी त्यांनी स्वतःचा डबासुद्धा उघडला नाही. शेजारच्या डॉक्टरांनी माझा पाय बांधला आणि चालायचं नाही म्हणून सांगितलं. निखिल घरी आला, सगळं ऐकलं, आणि मला म्हणाला, "आई, कायको एवढं टेंशन घेऊन राहिली? हो जाएगा." असं म्हणून तो जेवायला बसला. या मुलाने माझ्याकडून काहीच घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरी थांबावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पण घरी बसून काळजी करणं आणि शाळेबाहेर बसून काळजी करणं यात फार फरक आहे. शाळेबाहेर ती जवळून करता येते. निखिलने चिऊसाठी रजा टाकली. आम्ही तिघं म्हातारे पूर्वाबरोबर ऑटोत बसून गेलो आणि शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली बाकावर ओळीने बसलो.

आत गेलेली पूर्वा थोड्याच वेळात बाहेर आली. चेहरा पांढरा फटक.

"आई, मुलं नाहीयेत."

परीक्षेच्या तयारीची सुट्टी लागली होती. वर्गात फक्त कमिटी. मुख्याध्यापिका बाई, केमिस्ट्रीचे जुने सर आणि संस्थेचे अध्यक्ष. तिने त्यांनाच अणू व्हायची विनंती केली. बाई उत्साहाने उठल्या, सर उठले, अध्यक्षसुद्धा कौतुकाने उठले. पण अध्यक्षांच्या समोर उभं राहून त्यांच्या विरुद्ध दिशेने ओढायला कोणी तयार होईना. बाई म्हणाल्या सर ओढतील, सर म्हणाले बाई ओढतील. (म्हणजे हा रोग आमच्याच घरात आहे असं नव्हे.) शेवटी अध्यक्षांनीच विचारलं, घरून कोणी आलंय का?

पूर्वा माझ्याकडे बघत होती. ठरलेलं सगळं मोडलं होतं, आणि गप्प होण्याआधीचा तिचा तो चेहरा मला ओळखू येत होता. मी म्हटलं, "चल. मी आहे." आणि उठले. पाय टेकला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले.

बांधलेला पाय बघून बाईंना दया आली. त्यांनी ऑफिसातली आपली खुर्ची माझ्यासाठी मागवली. मऊ गादीची, गोल फिरणारी, खाली चाकं. शाळेची फरशी नुकतीच नवी बसवलेली, गुळगुळीत. मी बसले मात्र, आणि नुसत्या श्वासाने इंचभर सरकले. आदल्या दिवशी मी निदान दोन पायांवर उभी होते. आज एका बाजूने जरा कमी पडलं की सगळ्या कमिटीला दिसणार होतं.

ओढण्या खुर्चीच्या हातांना बांधल्या. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला भाऊसाहेब. मी दोघांना डोळ्यांनी दटावलं. पूर्वाने फळ्यावर मधे सी काढला, दोन्हीकडे ओ काढले आणि शिकवायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं अडखळत, मग नीट. मग म्हणाली, "खींचिए."

दोघांनीही ओढलं. सारखंच! ओढण्या ताणल्या, खुर्ची जागची हलली नाही. केमिस्ट्रीचे सर पुढे झुकून चाकांकडे बघायला लागले. पूर्वा सांगत होती की दोन्ही खेच समोरासमोर आहेत, एकमेकींना रद्द करतात, म्हणून अध्रुवीय. माझा ऊर अभिमानाने भरून आला. मी जरा सावरून बसायला गेले, पाय खुर्चीच्या दांड्याला लागला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई गं!"

संपलं. मुलीच्या सासूला आपण परत दुखवलं, हे भाऊसाहेबांच्या काळजाला लागलं आणि त्यांनी ओढणी सोडून दिली. यांना काहीच कळलं नाही. हे बायकोने बजावल्याप्रमाणे ओढतच होते. खुर्ची सुटली. मी वेगाने यांच्याकडे निघाले. दुसरा कोणी नवरा असता तर त्याने खुर्ची धरली असती. आमच्या यांनी मला येताना पाहिलं आणि आयुष्यभराच्या सवयीने बाजूला होऊन वाट दिली! मी त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेले आणि कमिटीच्या टेबलावर आदळले. अध्यक्षांचा चहा अध्यक्षांच्या सदऱ्यावर सांडला.

मला पायाचं काही वाटत नव्हतं. मी वळून पूर्वाकडे बघत होते. ती खडू हातात धरून उभी होती, गप्प. तेच ते गप्प. माझ्या डोळ्यांपुढे गंधवानीची बस उभी राहिली, खिडकीत चिऊ. मला वाटलं, पोरीच्या नोकरीचं वाटोळं केलं ते आम्ही तिघांनी, आमच्या मेल्या मानपानाने.

पूर्वा मग हळूच भाऊसाहेबांकडे वळली.

"पप्पा, तुम्ही सोडलं ना?"

"हां बेटा," भाऊसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले. "विहीणबाईंना मी दुसऱ्यांदा कसं दुखवू?"

पूर्वा फळ्याकडे वळली, भाऊसाहेबांच्या बाजूचा ओ पुसला आणि तिथे एस लिहिला.

"सर, अब ये कार्बन डाइऑक्साइड नहीं रहा," ती म्हणाली. आवाज जरा थरथरत होता, पण थांबला नाही. "इस तरफ़ ऑक्सीजन की जगह सल्फ़र आ गया। सल्फ़र का खिंचाव कम है। तीनों अब भी एक सीधी रेखा में हैं, फिर भी अणु ध्रुवीय है। सिर्फ़ आकार देखने से नहीं चलता, दोनों तरफ़ कौन खड़ा है, ये भी देखना पड़ता है।"

केमिस्ट्रीचे सर मागे रेलले. म्हणाले, हाच मुद्दा ते वर्षानुवर्षं मुलांना सांगतात आणि हीच चूक मुलं दर वर्षी करतात. सरळ रेषा दिसली की अध्रुवीय लिहून मोकळी होतात. मग त्यांनी तिला भराभर प्रश्न विचारले. अमोनियाचं काय, बोरॉन ट्रायफ्लोराइडचं काय. यातलं एकही तिने ठरवून आणलेलं नव्हतं आणि एकालाही ती गप्प झाली नाही. पाण्याच्या वेळी तर मला ऑक्सिजन केलं आणि सांगितलं की इथे मधलीच दोघांना आपल्याकडे ओढते. ते मला पहिल्या झटक्यात जमलं. इतक्या वर्षांच्या संसारात दुसरं काय केलंय?

निघताना अध्यक्षांनी सदरा पुसत भाऊसाहेबांना हात जोडले. भाऊसाहेब सल्फर होऊन इतके लाजले होते की उलट हात जोडायचेही राहिले. मी त्यांना इतकं बेअदब कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेचा फोन आला. पूर्वाची निवड झाली होती. गंधवानीला नकार कळवला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कांदाबिंदा काही चिरत नव्हते, त्यामुळे पूर्वा आत आली तेव्हा सांगायला कारणही नव्हतं. मी म्हटलं, "तू इथे राहणार म्हणून रडतेय." पद्धत मोडली, पण पाय मोडायचा राहिला होता तिथे पद्धतीचं काय मोठं! ती नुसती माझ्याजवळ बसून राहिली.

आता ती पहाटे उठून तयारी करते आणि उजाडता उजाडता शाळेत जाते. ती घरात राहावी म्हणून मी एवढा जीव पाखडला. ती दुपारी येईपर्यंत घर माझ्यावर असतं, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. चिऊला वेणी, निखिलला डबा, यांना चहा (हाक मारत नाहीत, दारात येऊन उभे राहतात), आणि त्याच वेळेला खातेगांवहून भाऊसाहेबांचा रोजचा फोन: विहीणबाई, पाय कसा आहे?

परवा पूर्वा वर्गाची तयारी करत होती, तेव्हा मी तिच्या शेजारी बसून पुस्तकातलं चित्र बघत होते. मधे एक कार्बन, त्याला चार बाजूंनी चार क्लोरीन. पूर्वा म्हणाली की चारही जण सारख्या जोराने ओढतात, म्हणून हा पक्का अध्रुवीय, जागचा हलतच नाही.

मी विचारलं, "आणि त्या मधल्याला काही त्रास होत नाही का गं?"

तिने पान उलटून बघितलं. मग म्हणाली, "आई, पुस्तकात तसं काही दिलेलं नाही."

ती झोपल्यावर मी चष्मा लावून ते प्रकरण पहिल्यापासून चाळलं. खरंच नाही दिलेलं.